वाळूवरचं लग्न आणि पाऊणपटीचा हिशेब

अलिबाग पुण्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत, दिवेआगर ताम्हिणी उतरून त्याहून थोडं पुढे. आम्हा पुणेकरांची समुद्राशी ओळख त्यामुळे शनिवार-रविवारची. सुरमईची थाळी, गाडीत वाळू झटकली म्हणून झालेली भांडणं, परतताना पेणच्या अलीकडे-पलीकडे तासभर अडकणं. एवढ्या ओळखीवर मी समुद्रकिनाऱ्यावरच्या लग्नांचं नियोजन करायला निघाले होते. त्याला आता नऊ मोसम झाले. दर वर्षी इव्हेंट मॅनेजमेंटचे कोर्स करून आलेली दोन-तीन मुलं-मुली भेटायला येतात आणि विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर शिकू, कुठला कॅमेरा घेऊ, इन्स्टाग्रामवर काय टाकू. मी सांगते, आधी एक पंचांग विकत घे. मुलं हसतात. त्यांना वाटतं मुहूर्तासाठी सांगतेय.

सुरुवात मी एका मंगल कार्यालयातून केली. पहिली दोन वर्षं पडेल ते काम: रुखवताचं टेबल, केळवणाचा हिशेब, आहेराच्या पाकिटांची वही, जावयाची चप्पल शोधणं. नव्या लोकांना मी अजूनही हेच सुचवते. पुण्यातल्या कार्यालयात जो दोन मोसम टिकला, त्याला माणसं कळतात. पंगत कधी उठवायची, गुरुजींना घड्याळ कसं दाखवायचं, मुलाकडचे कुठल्या वाक्याला रुसतील, हे कुठल्याही कोर्सात नाही. पण कार्यालयाने एक वाईट सवय लावली. तिथे भिंती जागच्या जागी असतात. सकाळी सातला चावी घेतली तेव्हा हॉल जेवढा असतो, तेवढाच तो चारला चावी परत देताना असतो. किनाऱ्यावर पश्चिमेची भिंत दिवसातून चार वेळा सरकते, हे डोक्याला माहीत होतं, पायांना नव्हतं.

माझं पहिलं किनाऱ्यावरचं लग्न रायगड जिल्ह्यातल्या एका गावी होतं. मार्गशीर्षातली तारीख, गोरज मुहूर्त. जागा बघायला आम्ही महिनाभर आधी गेलो, तेही शनिवारी, कारण शनिवारीच सगळ्यांना वेळ. संध्याकाळी साडेपाचला पोचलो. खोल्या देणाऱ्या काकांना विचारलं, भरती कधी? ते म्हणाले, आत्ता भरतीच आहे, सहाला पूर्ण. आम्ही खूश. म्हणजे पाणी जास्तीत जास्त जिथवर येतं तेच डोळ्यांनी बघितलं. सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत मी पावलं मोजली, पंच्याण्णव भरली. वहीत लिहिलं: ‘भरतीला 95 पावलं मोकळी.’ त्याखाली दोनदा रेघ मारली. ती वही मी जपून ठेवलीय.

लग्नाच्या दिवशी डेकोरेशनचा ट्रक पहाटे पोचला. सातला बघतो तर वाळूच वाळू, समुद्र कुठे तरी लांब चकाकतोय. मंडपवाल्यांनी हौसेने मंडप आणखी पुढे सरकवला, लाटा जवळ दिसाव्यात म्हणून. दुपारी दीडच्या सुमारास पाणी चढत चढत पुढच्या खांबांपासून पंधरा-वीस पावलांवर येऊन थांबलं. घामाघूम झालो, पण थांबलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, की चला, भरती बघून झाली. मुहूर्ताला पाणी मस्त मागे गेलेलं, मंगलाष्टकं झाली, जेवणं झाली, साडेदहाला संगीत बंद केलं आणि पाहुणे खोल्यांवर गेले. मंडपाची पोरं दिवसभर राबलेली. ती गालिच्यांवरच आडवी झाली.

पाऊण वाजता पहिली लाट गालिच्याखाली शिरली. मी खोलीत होते, आरडाओरडा ऐकून धावत गेले. पोरं अंधारात खुर्च्या ओढत होती, कुणीतरी जनरेटर बंद केला हे नशीब, कारण केबल सगळ्या वाळूवर पसरलेल्या होत्या. पुढचा अर्धा तास पाणी येतच राहिलं. पंचवीस-तीस खुर्च्या, दोन गालिचे आणि एक स्पीकर गेला. माणूस कुणी गेला नाही. वधूच्या आईवडिलांना सकाळी फक्त ओला मंडप दिसला आणि ते म्हणाले, दव फार पडलं वाटतं. आम्ही हो म्हणालो.

सकाळी जाळी सुकवायला आलेले एक वयस्कर नाखवा आमचा पसारा बघत उभे राहिले. पहिल्यांदा कधी येऊन गेलात विचारलं. मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर काही मोजलं. ‘अष्टमीला आलात. ते भांगाचं पाणी. काल द्वितीया होती, उधाण. आणि थंडीत रात्रीचं पाणी दिवसापेक्षा मोठं असतं, हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?’ कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. मग वाळूवर बसून त्यांनी मला जे शिकवलं त्यावर माझा धंदा उभा आहे.

हिशेब असा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरती दिवसातून दोनदा, मध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, त्यामुळे दुपारी तीन असेल तर पहाटेही तीनच्याच आसपास. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पन्नासेक मिनिटं पुढे. हे मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला बऱ्यापैकी बसतं. दक्षिणेकडे गेलं की वेळ थोडी अलीकडे येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चालायचं. नेमक्या वेळा आणि उंचीसाठी सर्वे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं असतात, हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे अंदाज मोबाइलवर मिळतात. पण वधूचे वडील फोनवर तीन तारखा वाचून दाखवतात तेव्हा कोष्टक उघडायला वेळ नसतो. पाऊणपट तोंडी होते.

ही झाली वेळ. उंचीचं गणित वेगळं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, त्याचं उधाण. खरं मोठं पाणी मात्र त्याच दिवशी येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं; प्रतिपदा-द्वितीयेला. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, ते भांग. अलिबागच्या बाजूला उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, गोव्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. गोव्यात काम शिकलेली मुलं रायगडात येऊन म्हणूनच आपटतात. आता किनाऱ्याचा उतार बघा. पन्नासाला एक असा सपाट किनारा असेल तर पाणी एक मीटर चढलं की ते पन्नास मीटर पुढे येतं. माझ्या पहिल्या लग्नात रात्रीचं पाणी दुपारच्यापेक्षा अर्धा मीटरच जास्त चढलं असेल. अर्धा मीटर म्हणजे गुडघाभर. वाळूवर ते पंचवीस मीटर झालं, आणि त्या पंचवीस मीटरांत आमची पोरं झोपली होती. पावसाळ्यात याच्या उलट, दिवसाची भरती मोठी. मुंबईत जून-जुलैत बातम्यांमध्ये साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे इशारे येतात ते बहुतेक दुपारचे असतात, आठवून बघा.

म्हणून आमच्याकडे तिथी दोनदा वाचतात. एकदा गुरुजी वाचतात, एकदा मी.

गोरज मुहूर्त धरून सांगते, कारण किनाऱ्यावर लग्न करणाऱ्यांना तोच हवा असतो. सूर्यास्ताला अष्टमी असेल तर भरती ऐन मंगलाष्टकांत. पाणी भांगाचं, त्यामुळे धोका कमी, पण मोकळी जागाही मध्यम आणि लाटांच्या आवाजात अर्धी मंगलाष्टकं बुडतात. दशमी-एकादशी मला अजिबात आवडत नाही: मुहूर्ताला पाणी चढतं, जेवणाला पूर्ण भरतं, यजमान दर पाच मिनिटांनी ‘येईल का हो इथपर्यंत?’ विचारत राहतात. पौर्णिमा फोटोग्राफरची लाडकी. पश्चिमेला सूर्य बुडतो त्याच वेळी पूर्वेला डोंगरामागून चंद्र वर येतो, मुहूर्ताला ओहोटी असल्याने किनारा मैदानासारखा. पण रात्री उधाण येणार हे विसरायचं नाही. मंडप सुरूच्या बनाला चिकटून हवा आणि रात्री भरती चढायला लागली की वाळूवर एकही वायर नको. माझी स्वतःची पसंती तृतीया ते पंचमी. पंचमीला पावणेचारला भरती येऊन गेलेली असते. दुपारी पाणी कुठवर आलं ते सगळ्यांना दिसतं, ओल्या वाळूची रेघ राहते, आणि मुहूर्तापासून शेवटच्या पाहुण्यापर्यंत समुद्र मागे मागेच जातो. यजमान शांत, मी शांत. चतुर्थीही तशी छान, पण रिक्ता तिथी म्हणून काही गुरुजी नाक मुरडतात, आणि वद्य चतुर्थी निघाली तर निम्मे पाहुणे संकष्टीचे. चंद्रोदय होईपर्यंत अडीचशे माणसं पानावर बसायची थांबलेली मी बघितली आहेत. केटरर रडायचा बाकी होता.

सगळ्या तारखा आपल्या हातात नसतात हेही खरं. कार्तिकी एकादशीनंतर तुळशीची लग्नं लागली की मोसम उघडतो, डिसेंबरच्या मध्यावर धनुर्मास आणि पौष आडवे येतात, गुरू-शुक्राचे अस्त असतात, मुलगा अमेरिकेतून पंधरा दिवसांसाठी येणार असतो. गाळून गाळून हातात चार तारखा उरतात. त्या चारांतली कुठली घ्यायची एवढंच सुचवायचं, आणि तेही हॉटेलचा अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी. अ‍ॅडव्हान्स भरून मग माझ्याकडे येणाऱ्यांना मी तारीख बदला म्हणत नाही. मंडप कुठे घालायचा तेवढं सांगते.

जागा बघायला जायचं ते त्याच तिथीला. लग्न शुक्ल पंचमीचं असेल तर पंधरा दिवस आधीच्या वद्य पंचमीला जा, भरतीच्या वेळा जवळपास त्याच मिळतात. जमलं तर महिनाभर आधीच्या शुक्ल पंचमीलाही. शनिवार असो की मंगळवार. मुक्काम करायचा आणि रात्रीची भरती जागून बघायची. सुरूच्या झाडापासून पाण्याकडे दर दहा पावलांवर एक काठी रोवायची, काठ्यांवर नंबर घालायचे. सकाळी शेवाळाच्या आणि शिंपल्यांच्या रेघा बघायच्या. वाळूवर अशा दोन-तीन रेघा असतात, सगळ्यात वरची, वाळकी, काटक्या-प्लास्टिकची रेघ गेल्या उधाणाची. आमचा नियम असा की मंडपाचा सगळ्यात पुढचा खांब त्या वरच्या रेघेच्या अलीकडे किमान दहा पावलं. काठ्या कुत्री उपटून नेतात. जास्तीच्या न्या.

सूर्यास्ताची वेळ पाहुण्यांच्या पत्रिकेवरून ठरत नाही, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं. रायगडच्या किनाऱ्यावर सगळ्यात लवकर सूर्यास्त डिसेंबरच्या एकवीस तारखेला होत नाही. तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहाच्या ठोक्याला. मध्य जानेवारीत सहा वीस, फेब्रुवारीच्या मध्यावर सहा अडतीसच्या आसपास, मे महिन्यात सात वाजून जातात. बुडाल्यावर कामापुरता उजेड वीस-बावीस मिनिटं टिकतो, मग अंधार झपकन पडतो. दिवसाचं वेळापत्रक मी सूर्यास्तापासून मागे मागे लिहिते: सूर्यास्ताच्या आधी दहा मिनिटं शेवटचं मंगलाष्टक, त्याआधी वीस मिनिटं वधूला मामा घेऊन निघणार, त्याआधी… असं करत पहाटेच्या चहापर्यंत. कार्यालयात पाऊण तास उशीर झाला तर जेवण उशिरा होतं. इथे पाऊण तास उशीर झाला की सूर्य गेलेला असतो, आणि तो परत बोलावता येत नाही.

दिशेचा एक घोळ प्रत्येक वेळी होतो. अंतरपाटाच्या वेळी आमच्याकडे बहुतेकदा वर पूर्वाभिमुख आणि वधू पश्चिमाभिमुख. पश्चिमेला समुद्र, समुद्रावर मावळता सूर्य. म्हणजे वराच्या पाठीवर ऊन आणि वधूच्या थेट डोळ्यांत. एका लग्नात वधू मंगलाष्टकांत सारखी डोळे पुसत होती, मुलाकडची मंडळी भारावून गेली की बघा किती हळवी. ती नंतर मला म्हणाली, ‘ताई, काही दिसतच नव्हतं हो.’ आता आम्ही अंतरपाट जरा जाडसर आणि उंच घेतो. गुरुजींशी आधी बोलून पाटांची दिशा थोडी तिरकी करतो. बहुतेक गुरुजी समजून घेतात, फक्त ऐन वेळी सांगू नका. आणि पाहुण्यांच्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडायचा मोह होतो, तेव्हा लक्षात ठेवा, सत्तर वर्षांच्या आजोबांना अर्धा तास सूर्याकडे बघायला लावताय.

वारा हा समुद्राइतकाच मोठा विषय आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते आठवा. दिवसा जमीन लवकर तापते, वारा समुद्राकडून येतो. अकरा-बाराला सुरू होतो, तीन ते पाच जोर धरतो, सूर्यास्ताला मंदावतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटतो, डोंगराकडून समुद्राकडे. मध्ये एक पडती वेळ येते, दोन्ही थांबलेले, आणि ती बऱ्याचदा मुहूर्ताच्या जरा नंतर. अक्षता, होम, मंगलाष्टकांचा माइक यांना तेच हवं असतं. डेकोरेशन उभं करायचं काम मात्र नेमकं तीन ते पाचच्या जोराच्या वाऱ्यात येतं. कोरड्या वाळूत मंडपाच्या खुंट्या धरत नाहीत, हे लिहून ठेवा. वाळूने भरलेलं पोतं हात-दीड हात खोल पुरायचं आणि दोर त्याला बांधायचा. छताचं कापड ताणून बांधू नका, वारा निघून जायला फटी ठेवा. भिंतीसारखा पडदा तर नकोच, तो शीड होतो. लाजाहोमाला कुंड जमिनीलगत ठेवून तीन बाजूंनी पत्र्याचा कठडा लावतो, वाऱ्याकडची बाजू बंद. अग्नीचे फोटो जरा कमी सुंदर येतात, शालू मात्र जळत नाही.

पावसाबद्दल पुण्यातल्या मुलांना एक सोय आहे. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस, जिथून आपण रोज जातो. हवामान खातं 1928 साली सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून ते नाव. तिथे बसून काम करणाऱ्यांचे अंदाज रोज वाचायची सवय लावा. मोसमात नाही, वर्षभर. तीन-चार दिवसांचा अंदाज कामाचा असतो, पंधरा दिवसांच्या आकड्यांवर मंडप ठरवू नका. चातुर्मासात मुहूर्त नसल्याने खरा पावसाळा आपोआप टळतो, पूर्वजांनी ते बरं करून ठेवलंय. पण टोकं धोक्याची. मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने 11 जूनला येतो, म्हणून लोक मे अखेरपर्यंत बिनधास्त तारखा घेतात. 2025 साली तो 26 मेला आला. मी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातलं उघड्यावरचं काम घेत नाही. चक्रीवादळं अरबी समुद्रात मोसमाच्या दोन्ही टोकांना येतात: 3 जून 2020 ला निसर्ग अलिबागजवळ धडकलं आणि दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं. आणि डिसेंबर तरी सुरक्षित म्हणावं तर 2017 च्या डिसेंबरात ओखीने मुंबई-कोकणात ऐन थंडीत पाऊस आणला.

त्यामुळे करारात एक ओळ असते: छप्पर असलेली दुसरी जागा कोणती, आणि तिकडे हलायचं की नाही हे कोण ठरवणार, कधी ठरवणार. आमच्याकडे आदल्या दिवशी दुपारी चार. यजमानांतला एकच माणूस ठरवतो, त्याचं नाव लिहिलेलं असतं. हे नाव शक्यतो काकांचं नसावं. काका कायम आशावादी असतात.

किनारा भाड्याने मिळत नाही. तो सगळ्यांचा आहे, तुमच्या सप्तपदीच्या मागून घोडागाडी गेली तर घोडागाडीवाल्याचा दोष नाही. ग्रामपंचायत, पोलीस ठाणे, तहसील कचेरी, बऱ्याच ठिकाणी मेरिटाइम बोर्ड, अशा परवानग्या लागतात आणि कुठे काय लागतं ते गावागणिक बदलतं. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या, नियमांमुळे भरतीरेषेच्या आसपास पक्कं काही उभारायचं नसतं. सिमेंटचा ठोकळासुद्धा नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा नियम पुण्यात तसाच इथेही. एका गोष्टीवर मात्र मी हट्ट धरते. वेळास, आंजर्ले आणि आसपासच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात; निसर्गात तो उजेड समुद्रावरचा असतो. तुम्ही जमिनीकडे हॅलोजन लावलेत की ती उलटी चालत येतात. अशा किनाऱ्यावर रात्रीचा समारंभ मी घेत नाही, सकाळचा मुहूर्त असेल तर बोलू म्हणते. दोन कामं त्यामुळे गेली. जाऊ देत.

बाकीचं पटकन सांगते. फुलं मार्केट यार्डातून पहाटे उचलून बर्फाच्या खोक्यांत न्यायची. झेंडू आणि निशिगंध तग धरतात, गुलाब दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात मान टाकतो. ट्रक ताम्हिणीतून जाणार असेल तर रात्री पाठवू नका, धुकं असतं. दुपारी पाठवा आणि मुक्काम धरा. आजी-आजोबांसाठी खोलीपासून मंडपापर्यंत प्लायवूडची वाट, वर जाजम, कारण काठी आणि व्हीलचेअर दोन्ही वाळूत रुततात. थंडीत आठनंतर दव पडतं, खुर्च्यांवर टाकायला कोरडे पंचे जवळ ठेवा. फोटोग्राफरला एसी खोलीतून कॅमेरा तासभर आधी बाहेर काढायला सांगा, नाही तर काचेवर वाफ धरते. अक्षता उरल्या की कावळे, मग कुत्री, मग गाई, या क्रमाने येतात.

पैशाबद्दल सगळे विचारतात, पण लाजत. सुरुवातीला मोसमाचंच काम मिळतं, महिन्याचा पगार नाही. नोव्हेंबर ते मे कमवायचं आणि जून ते ऑक्टोबर पुण्यात राहून गणपती, कंपन्यांचे कार्यक्रम करायचे. वडिलांना हे समजावणं अवघड जातं, माझ्या वडिलांना चौथ्या वर्षी समजलं. मोठ्या कंपनीत लागलात तर पगार लवकर सुरू होतो, पण वाळूवर जायला तीन वर्षं लागतात. तोवर तुम्ही एक्सेलमध्ये खोल्या वाटत बसता. मी छोट्या जागेतून आले म्हणून तेच बरं वाटतं, दुसरं कुणी उलटं सांगेल. एक वही मात्र ठेवा: प्रत्येक लग्नाची तारीख, तिथी, भरतीची वेळ, पाणी कुठल्या काठीपर्यंत आलं, वारा कधी पडला. पाच वर्षांनी त्या वहीमुळे लोक तुम्हाला बोलावतात. आणि गावातल्या एका तरी माणसाशी नातं ठेवा, मोसम नसतानाही फोन करा. माझ्या नाखव्यांना मी नारळी पौर्णिमेला न चुकता करते.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवी आलेली मुलगी पहिल्यांदा एकटी जागा बघायला गेली. लग्न शुक्ल द्वितीयेचं, पाहुणे तीनशे, मी मुद्दामच गेले नाही. काठ्या रोवल्याचा फोटो संध्याकाळी आला, आठ काठ्या, ओळ जरा वाकडी. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. वाऱ्याचा आवाज, तिचे दात वाजत होते.

‘ताई, तिसरी काठी गेली.’

‘झाडाकडून तिसरी की पाण्याकडून?’

‘पाण्याकडून. चौथीच्या बुडाशी फेस आलाय.’

‘किती वाजता भरती काढलीस तू?’

‘दोन पाऊणे दीड. दीड.’

‘मग अजून वीस मिनिटं थांब. आणि शाल घे अंगावर.’

‘घेतलीय,’ ती म्हणाली. ‘ताई, चौथी हलायला लागली.’